अम्मीने पाहिलेले जहाज

आमच्या घरात जहाजाशिवाय दिवस गेला नाही, पण जहाज आतून पाहिलेले माणूस घरात एकच होते. अब्बा 1967 साली, वयाच्या 19व्या वर्षी, मालवाहू जहाजावर लागले आणि 1998 मध्ये सारंग म्हणून निवृत्त झाले. रत्नागिरी-रायगडकडच्या वाचकांना सारंग म्हणजे काय हे सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. सारंग म्हणजे डेकवरच्या खलाशांचा प्रमुख. दोरखंड, नांगर, रंगकाम, होड्या, जहाज धक्क्याला बांधणे आणि सोडणे ही सगळी त्याच्या माणसांची कामे. आम्हा भावंडांना हॅम्बुर्ग, रॉटरडॅम, योकोहामा ही नावे शाळेत जाण्याआधी पाठ होती. फक्त तिथे जाणारे जहाज आम्हाला धक्क्याच्या फाटकापलीकडे कधी दिसले नाही.

गेल्या वर्षी कुवेतच्या भावाने फोनवर विषय काढला. मुंबईहून गोव्याला जाऊन परत येणाऱ्या क्रूझवर अम्मी-अब्बांना पाठवायचे, सोबत आम्ही चौघे, खर्च तिघा भावंडांचा. अब्बांचे उत्तर एका वाक्याचे होते. "एकतीस वर्षं जहाजावर राहायचे पैसे घेतले, आता द्यायचे?"

अम्मीचे कारण वेगळे होते. लग्नानंतर ती मुंबईला भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या कोकणच्या आगबोटीने जा-ये करायची. जयगडच्या बाऱ्यात आगबोट बाहेरच उभी राहायची आणि माणसांना होडीत उतरवून किनाऱ्यावर न्यायचे. कडेवर मूल, डोक्यावर बोचके आणि पोटात कालवाकालव. "नको गो बाय," ती म्हणाली, "मी समुद्राचं पुष्कळ खाऊन बसलेय."

शिवाय जहाजावर दारू असते, जुगाराची टेबले असतात, नाचगाणी असतात. आपल्यासारख्यांनी तिथे जावे का, हा प्रश्न आमच्याही मनात होता आणि काही नातेवाइकांनी तो तोंडावर विचारला. आम्ही घरात बसून ठरवले की जिथे जायचे नाही तिथे जाणार नाही. गोव्याच्या कुठल्याही हॉटेलात आपण जे पाळतो तेच इथे पाळू.

तीन दिवसांनी अब्बांनी कपाटातून जुनी सीडीसी काढली. सीडीसी म्हणजे खलाशाच्या नोकरीचे पुस्तक. ते काही न बोलता पाने चाळत बसले. अम्मी त्यांच्याकडे बघत होती. रात्री तिने मला बोलावून सांगितले, "तिकिटं काढ. मला एकदा बघायचंय."

काय बघायचंय, ते तिने सांगितले नाही.

तयारी

ज्यांना असा प्रवास करायचा असेल त्यांच्यासाठी आधी कामाच्या गोष्टी लिहिते. भारतातल्या भारतात फिरणाऱ्या जहाजाला आधारकार्ड किंवा पासपोर्टसारखे मूळ सरकारी ओळखपत्र चालते, मुलांचेही लागते. परदेशी बंदर असेल तर पासपोर्ट आणि जिथे लागतो तिथे व्हिसा हवा. तिकीट काढल्यावर ऑनलाइन नोंदणी करावी लागते आणि त्यात धक्क्यावर यायची वेळ मिळते. ती पाळावी. जहाज रेल्वेसारखे नाही. सुटण्याच्या बऱ्याच आधी दरवाजे बंद होतात, कारण चढलेल्या प्रत्येक माणसाची यादी पूर्ण झाल्याशिवाय ते धक्का सोडत नाही. घरात कोणी गरोदर असेल तर तिकिटाआधी नियम विचारावा. बहुतेक कंपन्या 24 आठवड्यांनंतर चढू देत नाहीत.

सर्वांत उपयोगी सल्ला अब्बांचा होता. मोठ्या बॅगा धक्क्यावर ताब्यात घेतात आणि त्या खोलीच्या दाराशी यायला संध्याकाळ होऊ शकते. म्हणून हातातल्या पिशवीत त्या दिवसाची औषधे, एक जोड कपडे, चष्मा, चार्जर आणि जानमाज ठेवायची. रक्तदाबाच्या गोळ्या मोठ्या बॅगेत टाकून संध्याकाळपर्यंत बेचैन झालेले एक काका आम्हाला लिफ्टपाशी भेटले. इस्त्री आणि पाण्याची किटली नेऊ नये. आगीच्या भीतीने त्या काढून घेतात आणि परतताना देतात.

धक्का

डिसेंबरची दुपार होती. आम्ही टॅक्सीने बॅलार्ड पिअरला उतरलो. हा भाग मूळचा समुद्रच. अलेक्झांड्रा गोदी, म्हणजे आजची इंदिरा गोदी खणताना निघालेली माती इथे टाकली आणि त्या जमिनीवर 1914 ते 1918 या काळात बॅलार्ड इस्टेटच्या इमारती उभ्या राहिल्या. विलायतेच्या टपालबोटी इथे लागायच्या. हाजी लोकही मुंबई बंदरातूनच जिद्दाला जात. ती समुद्रवाट 1995 पर्यंत चालू होती. आमची दादी 1979 मध्ये जहाजानेच हजला गेली होती. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दिक मुसाफिरखान्यात घरचे सगळे तिला भेटायला गेले होते, हे अम्मीला आठवते.

अम्मी मात्र दुसरेच शोधत होती. थोडे पुढे जाऊन तिने गोदीच्या भिंतीकडे बोट केले. "इथंच कुठंतरी फाटक होतं. मी थोरल्याला घेऊन उभी होते. शिपायानं आत सोडलं नाही."

"पास लागायचा," अब्बा म्हणाले.

"तुम्ही मागं वळून बघितलं नव्हतं."

"वळलो असतो तर गेलो नसतो," अब्बा म्हणाले आणि बॅगांची गाडी ढकलत पुढे झाले.

आतले काम विमानतळासारखे. बॅगांना खोलीच्या क्रमांकाची चिठ्ठी, मग तपासणी, मग ओळखपत्र दाखवून फोटो. त्यानंतर प्रत्येकाला एक कार्ड मिळते. हे कार्ड म्हणजे जहाजावरचे सगळे काही. तेच खोलीची किल्ली, तेच ओळखपत्र, तेच पाकीट. रोख पैसे चालत नाहीत, जे घ्याल ते कार्डावर मांडले जाते आणि शेवटच्या दिवशी बिल हाती येते. मुलांच्या कार्डावर खरेदी बंद ठेवता येते. आम्ही ती काउंटरवरच बंद करून घेतली आणि धाकट्याचा चेहरा उतरला. रोजची सेवा-फी तिकिटात धरली आहे की वेगळी, हेही तिकीट काढतानाच विचारून ठेवावे.

मग बाहेर आलो आणि समोर जहाज उभे होते. जाहिरात व्हायला नको म्हणून नाव देत नाही. पांढरे, अकरा मजल्यांचे, दोनशे मीटरहून लांब. धक्क्यावरून वर बघताना मान दुखते. मुले ओरडत पुढे पळाली. अम्मी जागीच थांबली. "एवढं मोठं?" तिने अब्बांना विचारले. "तुमचं एवढं होतं?"

"लांबीला काही होती. पण असे मजले नव्हते. वर माल असायचा."

जहाजावर चढायच्या जिन्याला गँगवे म्हणतात. त्याच्या तोंडाशी एक तरुण रक्षक कार्ड तपासत होता. अब्बांनी त्याला सलाम केला, नीट, हात कपाळाला लावून. मुलगा गोंधळला आणि त्यानेही केला. नंतर मी विचारले तेव्हा अब्बा म्हणाले, "गँगवेवरच्या माणसाला सलाम करूनच चढायचं असतं. तो उन्हात उभा आहे."

खोली

आत शिरताच गार हवा, चकचकीत फरशी, काचेची लिफ्ट, सरबताचे पेले. पेल्यात काय आहे ते विचारून घेतले. लिंबूच होते. या मोठ्या दालनात पहिल्यांदा येणारा माणूस हमखास वाट चुकतो. त्यावर उपाय सोपा आहे. जहाजाचे पुढचे टोक कुठे ते एकदा समजून घ्यायचे आणि खोली त्या टोकाकडे आहे की मागे, एवढे लक्षात ठेवायचे. पुढे तोंड करून उभे राहिल्यावर डावी बाजू पोर्ट, उजवी स्टारबोर्ड. मुलांनी हे पाच मिनिटांत शिकून घेतले आणि दिवसभर आम्हालाच वाट दाखवली.

खोल्या आम्ही मुद्दाम खालच्या मजल्यावर, जहाजाच्या मध्याजवळ घेतल्या होत्या. तिथे डोलणे सर्वांत कमी जाणवते आणि भाडेही कमी असते. खोली लहान असते, हे मनात धरून जावे. दोन पलंग, एक आरसा, एक अरुंद कपाट आणि गोल खिडकी. न्हाणीघराच्या दाराला उंच उंबरठा असतो. त्याला ठेचकाळून घरातल्या तीन माणसांनी बोटे दुखावून घेतली. वयस्कर माणसांना पहिल्याच वेळी हात धरून तो दाखवावा. पलंगाखाली बॅगा ठेवायला जागा असते. शौचालयात पाण्याचा फवारा असतोच असे नाही, म्हणून एक छोटा मग सोबत न्यावा.

आम्ही खिडकीतून बाहेर बघत होतो, तेव्हा अब्बा कपाट उघडून लाइफ जॅकेटे मोजत होते. मग त्यांनी दार लावले आणि दाराच्या आतल्या बाजूचा नकाशा वाचला. आपली खोली कुठली, जमायची जागा कुठली, वाट कुठली. तेवढे झाल्यावरच ते पलंगावर बसले.

अम्मीने गादीवरून हात फिरवला. "तुमची खोली कुठं होती?"

अब्बांनी बोट खाली केले. "पाण्याच्या जवळ. आधी चौघांत एक. सारंग झाल्यावर एकट्याची."

"खिडकी?"

"नंतर मिळाली."

अम्मी बराच वेळ त्या गोल खिडकीजवळ बसून होती.

जेवण आणि नमाज

पहिल्या दिवशी खोली तयार व्हायला वेळ लागू शकतो, म्हणून बहुतेक लोक आधी वरच्या मजल्यावर जेवायला जातात आणि तिथे मोठी गर्दी होते. थोडे थांबून गेले तर जागा मिळते. हलालबद्दल लाज न धरता विचारावे. आम्ही मुख्य आचाऱ्याला भेटायची विनंती केली. त्याने मांस कुठले ते सांगितले आणि कोणत्या रश्श्यात आणि कोणत्या गोड पदार्थात वाइन पडते तेही दाखवले. जिथे खात्री वाटली नाही तिथे आम्ही मासे आणि भाजी घेतली. आचारी रागावला नाही. जैन प्रवासी त्याला कांद्या-लसणाचे विचारतात, आम्ही हलालचे विचारले. उलट तो म्हणाला की तिकीट काढतानाच कळवले तर आणखी सोय करता येते.

जोहर आम्ही खोलीतच पढलो. जहाज धक्क्यावर होते आणि राहायला आम्ही मुंब्र्याचे, म्हणून पूर्ण पढलो. आम्ही शाफई. आमच्या मसलकात सफरमध्ये जोहर-असर आणि मगरिब-इशा एकत्र पढायची मुभा आहे. कसर कधी सुरू होते, आपल्याला किती लागू होते, हे ज्याने त्याने निघण्याआधी आपल्या मौलानांना विचारून घ्यावे.

किब्ल्याचा प्रश्न मात्र अब्बांनी सोडवला. माझे पती फोनमधला होकायंत्र काढून फिरत होते आणि काटा दर दोन पावलांना जागा बदलत होता. जहाज लोखंडाचे, त्यात फोनचे होकायंत्र चुकते. अब्बा म्हणाले, "ठेव तो फोन. मुंबईहून किब्ला मगरिबला, जरासा उत्तरेकडे. आपण गोव्याला म्हणजे दक्षिणेला जाणार. जमीन डाव्या हाताला राहील, किब्ला उजव्या हाताला, थोडा मागे. येताना उलट." मुलांनी ते कागदावर काढून आरशाला चिकटवले. समुद्रात तेच खरे ठरले.

आमच्या मजल्याची खोली साफ करणारा मुलगा उत्तराखंडचा होता. तो टॉवेल घेऊन आला तेव्हा अम्मीने त्याला घरी कोण कोण आहे ते विचारले. त्याने फोन काढून चार महिन्यांच्या मुलीचा फोटो दाखवला. त्याने तिला अजून हातात घेतले नव्हते. रोज रात्री काम संपल्यावर फोनवर बघतो, म्हणाला.

तो गेल्यावर अम्मी म्हणाली, "थोरला झाला तेव्हा ह्यांना तार केली. ती कुठल्या बंदरात मिळाली ते आजपर्यंत मला माहीत नाही."

"सिंगापूर," अब्बा म्हणाले. "एजंटानं आणून दिली. दहा दिवस जुनी होती. मी सगळ्यांना चहा पाजला."

थोरल्याला त्यांनी पहिल्यांदा पाहिले तेव्हा तो अकरा महिन्यांचा होता आणि त्यांना बघून रडला होता. एवढे आम्हाला माहीत होते. चहाचे कोणालाच माहीत नव्हते.

सात छोट्या, एक लांब

चारच्या सुमारास स्पीकरवर घोषणा झाली की सर्वांनी कवायतीसाठी जमायचे आहे. ही कवायत प्रत्येक प्रवाशाला करावीच लागते. धोक्याचा इशारा म्हणजे भोंग्याच्या सात छोट्या हाका आणि एक लांब. तो ऐकला की सामान सोडायचे, लिफ्ट वापरायची नाही, जिन्याने कार्डावर लिहिलेल्या जागी जमायचे.

1912 मध्ये टायटॅनिक बुडाले. होड्या सगळ्यांना पुरतील एवढ्या नव्हत्या आणि ज्या होत्या त्यांतल्या कित्येक अर्ध्या रिकाम्या गेल्या. दीड हजारांच्या आसपास माणसे गेली. त्यानंतर 1914 मध्ये समुद्रावरील जीवरक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि त्याच कराराची आजची आवृत्ती जगभरच्या जहाजांना लागू आहे. 2012 मध्ये इटलीच्या किनाऱ्यावर कोस्टा काँकोर्डिया हे जहाज खडकाला लागून कलंडले. 32 माणसे गेली. त्या दिवशी चढलेल्या बऱ्याच प्रवाशांची कवायत अजून व्हायची होती. म्हणून आता नियम असा आहे की जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी कवायत झालीच पाहिजे.

आपल्याला एवढे लांब जायची गरज नाही. भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली रामदास बोट 17 जुलै 1947 रोजी भर पावसात काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. कोकणातल्या जुन्या माणसांसमोर आजही रामदासचे नाव काढले की बोलणे थांबते.

हल्ली कवायतीत जॅकेट घालायला लावतातच असे नाही, कर्मचारी घालून दाखवतात. अब्बांना ते पुरेसे वाटले नाही. निघण्याआधी त्यांनी आम्हा सगळ्यांना खोलीत उभे करून जॅकेटे घालायला लावली. मुलांची बांधून झाली. अम्मीने पट्टा उलटा घातला होता. अब्बा तिच्यासमोर आले, पट्टा सोडवला, पुन्हा ओवला, कमरेशी घट्ट ओढला आणि दोन बोटे आत घालून पाहिली. 77 वर्षांच्या हातांना ते काम बघावे लागत नव्हते.

"एवढं घट्ट?" अम्मी म्हणाली.

"ढिलं असलं तर पाण्यात वर निघून जातं. माणूस खाली राहतो."

दालनात काही तरुण हसत होते, सेल्फी काढत होते. कर्मचारी शांतपणे दाखवत होता. अब्बा त्या मुलांकडे बघत नव्हते. ते समोर बघत सरळ उभे होते, नोकरीवर असल्यासारखे.

परतताना जिन्यावर अम्मीने हळूच एक नाव घेतले. खाडीपलीकडच्या गावातला माणूस. वादळात डेकवरचा माल बांधताना लाटेने ओढून नेलेला. आम्ही तेव्हा लहान होतो. अम्मी त्याच्या घरी जाऊन त्याच्या बायकोजवळ बसली होती, हे मला अंधुक आठवते.

"तुम्ही त्याच जहाजावर होतात, एवढंच मला ठाऊक आहे," ती म्हणाली.

अब्बा दोन पायऱ्या चढले आणि थांबले. "त्याच्या शेजारच्या दोरावर मी होतो," ते म्हणाले. "जहाज फिरवलं. चार तास शोधलं. मिळाला नाही."

"मला कधी सांगितलं नाहीत."

"सांगितलं असतं तर तू मला परत पाठवलं असतंस?"

अम्मीने उत्तर दिले नाही. तिने कठडा सोडून त्यांचा हात धरला आणि उरलेल्या पायऱ्या ती तशीच चढली. मी मुलांना घेऊन मुद्दाम मागे राहिले.

धक्का सुटला

पाचला जहाज सुटले. वरच्या डेकवर गाणी लागली होती, लोक शहराकडे बघत हात हलवत होते. अब्बा आम्हाला मागच्या बाजूला घेऊन गेले. तिथून खालच्या मजल्यावरचे खलाशी दिसत होते. धक्क्यावरच्या माणसांनी खांबांवरून दोर काढले, ते पाण्यात पडले आणि यंत्राने वर ओढले गेले. ओढबोटींनी जहाज हळूहळू बाजूला घेतले. "दोर ताणला असेल तेव्हा त्याच्या रेषेत उभं राहायचं नाही," अब्बा नातवाला सांगत होते. "तुटला तर पाय नेतो." नातू ऐकत होता. शहर त्या दोघांनीही पाहिले नाही.

आम्ही मात्र पाहिले. उजव्या हाताला ताजमहाल हॉटेल आणि गेटवे ऑफ इंडिया इतके लहान की मुठीत मावावेत. मग कुलाबा, मग टोकाला प्राँग्सचे दीपगृह. बंदराची वाट दाखवायला आलेला पायलट दोरीच्या शिडीने आपल्या छोट्या बोटीत उतरून परत गेला. डावीकडे खांदेरीचा किल्ला दिसू लागला आणि सूर्य पाण्याला टेकला. अब्बांनी प्रवासाची दुआ मोठ्याने पढली, आम्ही मागून पढलो.

अम्मीला मळमळेल म्हणून आम्ही सुंठ, लिंबू, गोळ्या सगळे घेऊन बसलो होतो. काहीच झाले नाही. मोठ्या जहाजाला पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंख असतात, ते डोलणे कमी करतात. शिवाय पावसाळा संपल्यावर हा समुद्र शांत असतो. तरी ज्यांना त्रास होतो त्यांनी पहिल्या दिवशी हलके खावे, खोलीत पडून राहण्याऐवजी डेकवर यावे आणि दूर क्षितिजाकडे बघावे. गोळी घ्यायचीच असेल तर डॉक्टरांना विचारून, मळमळ सुरू होण्याआधी घ्यावी.

रात्री एका मजल्यावर जुगाराची टेबले लागली, दुसऱ्यावर नाच. आम्ही तिकडे गेलो नाही आणि कोणी आम्हाला ओढूनही नेले नाही. मुलांनी बुद्धिबळ खेळले, जादूचे प्रयोग पाहिले. जेवणानंतर वरच्या डेकवर फेऱ्या मारल्या. तिथे आमच्यासारखीच कुटुंबे होती, साड्या, दुपट्टे, हिजाब, मफलर, सगळे वाऱ्यात धरून बसलेली.

जयगडचा दिवा

बारा वाजत आले तेव्हा अब्बांनी दार ठोठावले. मुले झोपली होती. पतींना त्यांच्यापाशी ठेवून मी वर गेले. अम्मी शाल गुंडाळून डाव्या कठड्याशी उभी होती. काळोखात दूर दिव्यांची एक ओळ दिसत होती.

"तिथं आता बंदर झालंय, वीजप्रकल्प झालाय, म्हणून एवढे दिवे," अब्बा म्हणाले. "ते सोड. त्याच्या बाजूला बघ. एक दिवा उघडझाप करतोय."

प्रत्येक दीपगृहाची उघडझाप वेगळी असते. खलाशी सेकंद मोजतो आणि आपण कुठे आहोत ते ओळखतो. अब्बा ओठांतल्या ओठांत मोजत होते. मग त्यांनी मान हलवली. "जयगड."

आमचे गाव त्या खाडीच्या काठाला आहे.

"मुंबईहून कोलंबोला निघालो की इथूनच जायचो," अब्बा म्हणाले. "कधी जवळून, कधी लांबून. पाळी नसली तरी उठून बाहेर यायचो. दिवा दिसायचा. जहाज थांबायचं नाही."

अम्मी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पोरं झोपली की मी अंगणात बसायचे. लांबून जहाजं जायची दिव्यांची. ह्यातलं एखादं तुमचं असेल का, असं मनात यायचं. कुणाला विचारणार?"

"असेल एखादं," अब्बा म्हणाले.

दिवा हळूहळू मागे सरकला. वारा गार झाला होता. फजरला उठायचे म्हणून आम्ही खाली आलो. खोलीत शिरल्यावर अम्मीने दार लावले, चप्पल काढली आणि दारामागचा नकाशा जवळून वाचला. जमायच्या जागेचे अक्षर तिने बोटाने शोधले आणि अब्बांना विचारले, "हेच ना आपलं?"